फक्कीचं अर्धवर्तुळ आणि 58 मिलिमीटरची फिल्म

या स्मरणिकेच्या मधल्या जोडपानावर आपल्या बॅचचा जो लांबलचक फोटो आहे, तो कसा हाती लागला ते लिही, असं संपादक मंडळाने मला सांगितलं. स्कॅनर घेण्यावरून ग्रुपवर सर्वांत जास्त भांडले मीच, त्यामुळे ही शिक्षा योग्यच आहे.

फेब्रुवारी 1995, निरोप समारंभाचा दिवस आठवा. चित्रकलेच्या सरांनी मैदानावर फक्कीने अर्धवर्तुळ आखलं आणि दोन्ही तुकड्यांना त्यावर उभं केलं. सरळ रांग का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "फोटोत बघा." त्यांच्याकडे रशियन बनावटीचा होरायझन 202 होता. बटण दाबलं की त्याचं भिंग स्वतःभोवती फिरतं आणि 120 अंशांचं दृश्य आत वक्र बसवलेल्या फिल्मवर उतरतं. अशा कॅमेऱ्यासमोर सरळ रांग उभी केली तर ती फोटोत मध्ये फुगते, आणि कॅमेऱ्याभोवतीचं वर्तुळ सरळ दिसतं.

ही युक्ती फार जुनी. 1845 मध्ये पॅरिसमध्ये फ्रीडरिख फॉन मार्टेन्सने फिरत्या भिंगाचा कॅमेरा केला, तोही वाकवलेल्या धातूच्या पत्र्यावर चित्र घेणारा. 1904 चा सर्किट कॅमेरा त्याच्याही पुढचा: त्यात अख्खा कॅमेराच तिवईवर फिरे आणि आतली फिल्म त्याच वेगाने सरके. इंग्लंड-अमेरिकेत शाळांचे, पलटणींचे लांब फोटो त्यावर निघत. कॅमेरा फिरेपर्यंत एखादं कार्टं मागून धावत दुसऱ्या टोकाला पोचे आणि एकाच फोटोत दोनदा येई. आपल्यातल्या कोणाला हे तेव्हा सुचलं असतं तरी उपयोग नव्हता. होरायझनचा फेरा क्षणात संपतो.

सर गेल्यानंतर त्यांच्या मुलीने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्याकडे दिला. त्यात ही फिल्म होती आणि त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांच्या स्नेहसंमेलनांच्या, क्रीडादिनांच्या 120 फिल्मच्या चौकोनी नेगेटिव्ह्ज. हा 120 आकार कोडॅकने 1901 मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी आणला. आपल्या घरांतल्या आग्फा क्लिक-3 मध्येही हाच रोल जायचा, बारा फोटोंचा. डबा उघडला आणि व्हिनेगरचा भपकारा आला. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की असा वास येतो, आणि एकदा सुरू झालेलं थांबत नाही, फार तर थंडाव्यात ठेवून लांबवता येतं. म्हणजे "पुढच्या मेळाव्याला बघू" हा पर्याय संपला होता.

आधी एका दुकानात ती लांब फिल्म दिली. त्यांच्या यंत्राला 24 बाय 36 मिलिमीटरचीच चौकट ठाऊक. आपली चौकट 24 बाय 58. फोटो मधोमध कापला गेला, मुख्याध्यापकांचा उजवा खांदा एका फाइलीत आणि डावा दुसरीत. मोबाइलने काढून घ्या, असं सुचवणाऱ्यांसाठी मी तेव्हा केलेला हिशेब इथे देते. आडव्या रांगेत साधारण तीस जण, म्हणजे प्रत्येकाचा चेहरा नेगेटिव्हवर जेमतेम 0.7 मिलिमीटर. 1200 डीपीआयला एका चेहऱ्याच्या रुंदीत 33 ठिपके, 2300 ला 63, 4000 ला 110. तेहतीस ठिपक्यांत माणूस आहे एवढंच कळतं, कोण आहे ते नाही.

शेवटी एप्सनचा 2006 चा व्ही 700 जुना विकत घेतला. तो सपाट काचेचा, त्यामुळे चौकट कितीही लांब असो, अडत नाही. खोक्यावर 6400 डीपीआय लिहिलंय. प्रत्यक्षात 2300 च्या आसपासच तपशील मिळतो. पण 120 ची चौकट 56 मिलिमीटरची असल्याने तिथे ते पुष्कळ झालं. खरा त्रास फिल्मच्या वळण्याचा. काचेला टेकली की इंद्रधनुषी कडी उमटतात, उंच राहिली की चित्र धूसर. आणि धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण चांदीचे कण तो प्रकाशही अडवतात. मग एकेक ठिपका हाताने पुसला. तीन रविवार गेले.

लांब फोटोसाठी मात्र मी हट्ट धरला. एका छायाचित्रकाराकडे निकॉनचा कूलस्कॅन 9000 अजून चालू आहे, 4000 डीपीआयचा, काचेच्या फ्रेममध्ये फिल्म सपाट धरणारा. त्याला फायरवायरची वायर लागते, म्हणून माझा अडगळीतला संगणक उचलून नेला. निधीतून हा खर्च कशाला, असं ज्यांनी विचारलं त्यांनी आता जोडपान उघडावं.

1995 मध्ये आपल्याला वाटलेल्या प्रती फ्रेममध्ये बसाव्यात म्हणून दोन्ही टोकांना कापल्या होत्या. उजव्या टोकाला शिपाई मामा आहेत, हातात घंटेचा टोल, तीस वर्षं आपल्या भिंतींवर नसलेले. डाव्या टोकाला दुसऱ्या रांगेत एक मुलगी आहे, दोन वेण्या, मान किंचित वळलेली. चेहरा स्पष्ट आहे. हजेरीपटाशी ताडून बाकी सगळ्यांची नावं लागली, हिचं लागलं नाही. बाईंनाही आठवलं नाही. कोणाला ओळखता आलं तर जेवणाच्या वेळी मला गाठा. नावांच्या यादीत एक ओळ मोकळी ठेवली आहे.