कृत्रिम निनादाची वाटचाल
१९५७ साली जर्मनीतील ईएमटी कंपनीने चौकटीत ताणून बसवलेल्या पोलादी पत्र्याच्या कंपनांतून भव्य दालनाचा निनाद उत्पन्न करण्याची तजवीज केली. १९६२ मध्ये मानफ्रेड श्रोडर यांनी, ध्वनीच्या विलंबित आवृत्त्या पुनःपुन्हा परस्परांत मिसळून तोच परिणाम निव्वळ गणिताने साधण्याची रीत प्रसिद्ध केली. आणि सर्वांस विनामूल्य बहाल झालेल्या ‘फ्रीव्हर्ब’ या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक बाजूस आठ कोम्ब व चार ऑलपास असे विलंबावर चालणारे फिल्टर योजून, तीच रीत घरगुती संगणकावर अवतरली. मात्र लिनक्स या संगणकीय कार्यप्रणालीवर असा निनाद थेट गाताना वापरायचा, तर खरा पेच वेळेचा होता, आणि तो सोडवणाऱ्या पॉल डेव्हिस यांच्या ‘जॅक’ या ध्वनी-सॉफ्टवेअरचे श्रेय मला श्रोडर यांच्या गणिताइतकेच थोर वाटते: गायकाचा स्वर तत्क्षणी निनादून परतावा, म्हणून सेकंदास ४८,००० नमुन्यांच्या गतीने येणारा १२८ नमुन्यांचा प्रत्येक हप्ता सुमारे २.७ मिलिसेकंदांच्या मुदतीत निकाली काढावा लागतो, आणि ती मुदत टळली की स्वरात तडतड उमटते.