रुळांखालची वाट

माझी भाची पोलीस भरतीची तयारी करते. मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. गेल्या हिवाळ्यात मी नांदेडहून बहिणीच्या गावी, लातूरकडं गेलो होतो. पहाटे पाचलाच पोरीनं हलवून उठवलं. म्हणाली, "मामू, डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय ना? मग चला."

सडकेवर उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ. अंधारात पोरींनी तिथं पळायचं कसं? म्हणून गावातल्या चार-पाच जणी जुन्या रेल्वेच्या भरावावर जातात. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे सरळ वाट. इंजिनाला मोठा चढ सोसत नाही, म्हणून रुळांची वाट बेतानंच चढते-उतरते. तोच गुण आज पळणाऱ्याच्या पायांना मानवतो. मी थोडं पळालो, बरंच चाललो आणि दम लागला तसा एका मोरीवर टेकलो. तेव्हा ध्यानात आलं, अरे, ही तर आपली बार्शी लाईट!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही करामत. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९११ मध्ये ती निजामाच्या हद्दीतल्या लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. वारकरी पंढरीला याच गाडीनं जात. आडतीचा माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे, त्यावर कितीतरी हमालांच्या चुली पेटत. १९५४ मध्ये सरकारनं ही लाईन कंपनीकडून विकत घेतली.

मी लहानपणी अब्बांचं बोट धरून या गाडीत बसलोय. अब्बा सांगायचे, चढावर गाडी इतकी हळू व्हायची की माणसं उतरून सोबत पळायची आणि पुन्हा चढायची. म्हणजे या वाटेवर पळणं आमच्याकडं तसं जुनंच!

पुढं रुंद रूळ आले. २००८ पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी मोठी गाडी सुरू झाली, ती उस्मानाबादवरून, म्हणजे आजच्या धाराशिववरून. ते गरजेचंच होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाणी आलं ते याच रुंद रुळांवरून. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. छोट्या गाडीला हे ओझं पेललं नसतं. पण जिथं नवी लाईन वेगळ्या अंगानं गेली, तिथं जुना भराव पोरका झाला. लातूर शहरात 'जुनी रेल्वे लाईन' आता फक्त पत्त्यात उरली आहे.

याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायरच्या मॅनिफोल्ड खोऱ्यात, अशीच अडीच फुटी लाईन बांधली. बार्शी लाईटची ती सात वर्षांनी धाकटी बहीण, १९०४ ची. ती चालली नाही, १९३४ मध्ये बंद पडली. पण लोकांनी वाट मोडू दिली नाही. रूळ काढले आणि १९३७ मध्ये तिथं पायवाट खुली केली. सुमारे तेरा किलोमीटरच्या त्या वाटेवर आजही माणसं चालतात, सायकली फिरवतात.

थोरली बहीण मात्र आपल्याकडं उघड्यावर पडली आहे. आमच्या गावच्या भरावातून दरसाल थोडा मुरूम उचलला जातो, थोडी कड नांगराखाली जाते. ओरड कुणाची नाही, कारण वाट कुणा एकाची नाही. रेल्वे, जिल्हा परिषद आणि गावं एकत्र बसली, तर उरलेले तुकडे तरी वाचतील. त्याला ना डांबर हवं, ना कोनशिला. बाभळी छाटाव्यात, मोऱ्या डागडुजी करून ठेवाव्यात आणि 'ही वाट सर्वांची' एवढं कागदावर यावं.

मी मोरीवर बसलो होतो तोवर भाची फेरी मारून आली. पुढं भराव तोडलेला आहे, तिथून तिला परत फिरावं लागतं. सलग ८०० मीटर तिला तिथं मिळत नाहीत. धापा टाकत म्हणाली, "मामू, दोनदा वळावं लागतं, तिथंच वेळ जातो."