‘सस’ कायदा

इंग्लंड व वेल्समध्ये १९८१ पर्यंत अंमलात असलेल्या, संशयित व्यक्तीस रस्त्यावर अटक करण्याच्या तरतुदीचे लोकप्रचलित नाव. ‘संशयित’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते संक्षिप्त रूप होय. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर कार्यमुक्त सैनिक व बेघर मजूर शहरांतून हिंडू लागले. त्यांना आवर घालण्यासाठी १८२४ मध्ये भटकेगिरीविषयक कायदा संमत झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार, गंभीर गुन्ह्याच्या हेतूने रस्ता, नदी, कालवा, गोदी इ. ठिकाणी वावरणारी संशयित व्यक्ती वा नामचीन चोर तीन महिन्यांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र ठरे. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये स्थापन झाले. म्हणजे अधिकार आधी आला व तो वापरणारे संघटित दल मागाहून. चोरीचा माल जवळ असल्याचा रास्त संशय आल्यास माणसाला थांबवून त्याची झडती घेण्याचा अधिकार या दलास १८३९ च्या कायद्याने मिळाला.

१८७१ मध्ये कायदा अधिक कठोर झाला. हेतू सिद्ध करण्यास विशिष्ट कृती दाखविण्याची आवश्यकता उरली नाही. परिस्थिती व आरोपीचा लौकिक एवढ्यावरून तो गृहीत धरता येऊ लागला. त्याच वर्षी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, हे लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये संशय माणसाच्या लौकिकाला चिकटला, येथे तो जन्मालाच चिकटविला गेला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु रात्री रस्त्यावर रेंगाळणाऱ्या व समाधानकारक खुलासा देऊ न शकणाऱ्या ‘नामचीन चोरा’विषयीची तरतूद मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ मध्येही आढळते.

‘सस’ खटल्यात फिर्यादी लागत नसे आणि ज्यूरीही नसे. एका मोटारीच्या दाराची मूठ चाचपणारा संशयित ठरे, दुसऱ्या मोटारीची चाचपताच गुन्हेगार. साक्षीदार बहुधा दोन पोलीस शिपाईच असत. चोरी झालेली नसे, मालक पुढे येत नसे. अशा साक्षीचे खंडन आरोपीने कशाच्या आधारे करावे, हा प्रश्न अनुत्तरितच राही. पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर देण्याचे कायदेशीर बंधन नागरिकावर नाही, असा निर्णय राइस विरुद्ध कॉनली या खटल्यात १९६६ मध्ये झाला होता. मात्र न बोलल्यामुळे संशय कमी होत नसे.

१९७० नंतरच्या दशकात या कलमाखाली पकडल्या जाणाऱ्यांत वेस्ट इंडियन वंशाच्या तरुणांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फारच मोठे होते. आग्नेय लंडनमधील कृष्णवर्णीय मातांनी कायदा रद्द करण्यासाठी चळवळ उभारली व १९८० मध्ये कॉमन्स सभेच्या समितीने तशी शिफारस केली. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात साध्या वेशातील पोलिसांनी ‘स्वॉम्प ८१’ ही मोहीम काढली. ९४३ जणांना थांबविण्यात आले. त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. ११८ जणांना अटक झाली व ७५ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांपैकी जबरी चोरीचा आरोप केवळ एकावर होता. मोहीम चालू असतानाच १० एप्रिलला दंगल उसळली. जुलैमध्ये ‘सस’ तरतूद रद्द करणारा कायदा संमत झाला. दंगलीसंबंधीचा लॉर्ड स्कारमन यांचा अहवाल त्यानंतर नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला.

पोलीस व फौजदारी पुरावा अधिनियम, १९८४ याने झडतीचा अधिकार देशभर एकसारखा केला. तथापि झडतीपूर्वी आपले नाव, ठाणे, उद्देश व संशयाचे कारण सांगणे आणि नंतर त्याची लेखी नोंद ठेवणे पोलिसांवर बंधनकारक झाले. केवळ वर्ण, वेशभूषा किंवा पूर्वीची शिक्षा यांवरून संशय घेता येणार नाही, असे संहितेत नमूद झाले. कारण सांगण्याची जबाबदारी अशा रीतीने थांबविणाऱ्यावर आली. दहा वर्षांतच तिला अपवाद निघाला : १९९४ च्या कायद्याच्या कलम ६० नुसार, गंभीर हिंसाचाराची शक्यता असल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाने ठराविक क्षेत्रात व मर्यादित काळ कोणाचीही झडती संशयाविना घेता येते. दहशतवादविषयक कायद्यातील (२०००) अशीच तरतूद युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग करणारी ठरविली व २०१२ मध्ये ती रद्द झाली. कलम ६० मात्र कायम राहिले.