पिधान: लपलेल्या ताऱ्यावरून दूरच्या गोलाचं माप

नेपच्यूनच्या पलीकडे असंख्य लहान, बर्फाळ गोल सूर्याभोवती फिरतात. मोठ्या दुर्बिणीतूनही त्यातले बहुतेक नुसते ठिपके दिसतात. मग त्यांचा आकार कळतो कसा?

पिधान म्हणजे काय?
असा गोल एखाद्या ताऱ्याच्या पुढून गेला की तारा काही सेकंद दिसेनासा होतो. यालाच पिधान म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, ताऱ्याच्या उजेडात त्या गोलाची सावली पृथ्वीवरून सरकत जाते. ही सावली जवळपास गोलाएवढीच रुंद असते.

मोजतात कसं?
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सावली पूर्व-पश्चिम दिशेत, सेकंदाला २० किमी वेगाने जातेय. साताऱ्यात तारा १० सेकंद लपला, म्हणजे तिथे गोलाची रुंदी २०० किमी. साताऱ्याच्या अक्षांशापासून सुमारे ९२ किमी दक्षिणेला असलेल्या सांगलीत तो ४ सेकंदच लपला, म्हणजे ८० किमी. गोल वाटोळा असेल तर मधल्या कराडात सुमारे ९ सेकंद यायला हवेत. तसं आलं नाही, तर आकार वेडावाकडा आहे.

आणि कोल्हापुरात तारा लपलाच नाही तर? तीही नोंद पाठवायची. सावलीची कड सांगली आणि कोल्हापूरच्या मधे कुठेतरी आहे, हे त्यावरूनच ठरतं.

आणखी काय कळतं?
३ जून २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेतून चॅरिक्लो या सुमारे २५० किमीच्या गोलाचं पिधान टिपलं गेलं. मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतरही तारा क्षणभर मंदावला. त्यावरून चॅरिक्लोभोवती दोन कडी सापडली.

भारतातलं उदाहरण ६ जून २०२० चं. नैनितालजवळच्या देवस्थळ इथल्या ३.६ मीटर आणि १.३ मीटरच्या दुर्बिणींनी प्लूटोचं पिधान नोंदवलं. तारा एकदम विझला नाही, हळूहळू मंद झाला, कारण प्लूटोला विरळ वातावरण आहे. त्याचा पृष्ठभागावरचा दाब सुमारे १.२ पास्कल निघाला. आपल्याकडे तो साधारण १ लाख पास्कल असतो.

हौशी निरीक्षकांना जमेल का?
तारा पुरेसा तेजस्वी असेल तर लहान दुर्बीण, व्हिडिओ कॅमेरा आणि जीपीएसची वेळ एवढ्यावर भागतं. वेळ मात्र चोख हवी. वरच्या उदाहरणात ०.१ सेकंदाची चूक म्हणजे २ किमीचा फरक.

गाया उपग्रहाच्या तारासूचीमुळे सावलीचा मार्ग आता बराच अचूक सांगता येतो. तरी तो थोडा सरकू शकतो, ढगही येतात. म्हणून एकाच गच्चीवर पाच दुर्बिणी लावण्यापेक्षा पाच गावांत एकेक लावलेली बरी.