वैमानिकांची बेसपर्यंतची हवाई ये-जा

विमान कंपनीतील वैमानिकाने राहत्या गावाहून नेमणुकीच्या विमानतळापर्यंत, म्हणजे ‘बेस’पर्यंत, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या जबाबदारीवर केलेला विमानप्रवास. ही पद्धत सर्वांत जास्त रुजली ती अमेरिकेत. तिथे अशा वैमानिकाला ‘कम्यूटर’ म्हणतात. नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला अप-डाउन करणाऱ्याची ही लांबची भावंडे. पंचवटीवाल्याच्या खिशात पास असतो, वैमानिकाला मात्र रिकामी जागा उरली तरच जाता येते. शिवाय ही ये-जा रोजची नसते. बेसवर यायचे, तीन-चार दिवसांची ‘ट्रिप’ उडवायची आणि घरी परतायचे, असा तिचा फेरा असतो.

बेसच्या गावातच घर का करत नाहीत, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पहिल्यांदा पडतो. त्याचे उत्तर सेवाज्येष्ठतेत आहे. अमेरिकी कंपन्यांत विमान कोणते, बेस कोणता, सुट्टी कधी आणि कॅप्टनची खुर्ची केव्हा, हे सारे ज्येष्ठतेच्या यादीतील क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली की वीस वर्षे उडवलेला कॅप्टनही नव्या यादीत तळाला जातो. त्यामुळे वैमानिक कंपनीला धरून राहतो, आणि कंपनी मात्र गावाला धरून राहत नाही. 1978 मध्ये हवाई वाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठल्यानंतर विलीनीकरणे झाली, हब उघडली आणि मिटली. डेल्टाने 2005 मध्ये डॅलसचे हब गुंडाळले. अशा वेळी मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी आणि घराचे हप्ते मागे टाकून दर वेळी बिऱ्हाड हलवण्यापेक्षा विमानाने जाणे परवडते. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को इथल्या बेसवर नव्या सहवैमानिकाला घरभाडे झेपत नाही, हेही आहेच. कराची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. अनेक राज्यांतून उडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारावर संघराज्याच्या कायद्यानुसार त्याच्या निवासाचे राज्य कर लावू शकते. दुसरे एखादे राज्य लावू शकते ते निम्म्याहून अधिक पगार तिथे मिळवला असेल तरच. टेक्सास, फ्लोरिडा आणि नेव्हाडा या राज्यांत व्यक्तिगत प्राप्तिकर नाही.

या प्रवासाचा आधार म्हणजे जंपसीट. कॉकपिटमध्ये दोन्ही वैमानिकांच्या मागे घडी घालून ठेवलेली ही जादा खुर्ची. कंपन्यांनी आपापसांतील करारांनी परस्परांच्या वैमानिकांना ती खुली ठेवली आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांना कॉकपिट बंद झाले. पुढे ओळख आणि नोकरी संगणकावर पडताळण्याची व्यवस्था आल्यावर ते पुन्हा उघडले. पडताळणी झाली तरी शेवटचा शब्द त्या विमानाच्या कॅप्टनचा असतो. स्वतः कॅप्टन असलेला माणूसही गणवेशात दारापाशी उभा राहून ‘बसू का?’ असे विचारतो. केबिनमध्ये जागा असेल तर तिथे बसवतात. हवामानामुळे इंधन जास्त भरावे लागले आणि वजन मर्यादेबाहेर गेले, तर उतरावे लागते. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या वेतन-करारांत एक कलम असते. वेळेत पोहोचवतील अशा दोन विमानांत जागेचा प्रयत्न करूनही कोणी अडकला, तर साधारणपणे त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होत नाही.

जंपसीटच्या विश्वासाला तडेही गेले आहेत. 7 एप्रिल 1994 रोजी मेम्फिसहून सॅन होजेला निघालेल्या फेडेक्सच्या विमानात जंपसीटवरून आलेल्या त्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याने तिघा वैमानिकांवर हातोडीने हल्ला केला. गंभीर जखमी अवस्थेत त्यांनी विमान मेम्फिसला परत उतरवले.

बेसच्या गावी रात्र काढण्यासाठी ‘क्रॅश पॅड’ असते. विमानतळाजवळच्या घरात दुमजली खाटा, खाटेला पडदा आणि फ्रिजमधल्या डब्यांवर नावे. आपल्याकडचे ‘कॉट बेसिस’च हे. ‘कोल्ड बेड’ म्हणजे स्वतःची ठरलेली खाट. ‘हॉट बेड’ स्वस्त असते; तिथे चादर-उशी आपल्या पेटीतून काढायची आणि जी खाट रिकामी दिसेल तिच्यावर अंथरायची. गिरणगावात पाळीपाळीने एकाच जागेवर झोपणाऱ्या कामगारांना हे समजावून सांगावे लागले नसते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधील क्यू गार्डन्स या वस्तीत असे इतके कर्मचारी राहत की तिचे नाव ‘क्रू गार्डन्स’ पडले. सर्वांत ओढाताण होते ती ‘रिझर्व्ह’वरच्या कनिष्ठांची. फोन आला की थोड्या तासांत विमानतळावर हजर व्हायचे, त्यामुळे उड्डाण मिळो न मिळो, बेसच्या गावी पडून राहावे लागते.

12 फेब्रुवारी 2009 च्या अपघाताने हा खासगी मामला चव्हाट्यावर आला. कोल्गन एअरचे 3407 क्रमांकाचे उड्डाण नेवार्कहून बफेलोला जाताना क्लॅरेन्स सेंटर येथे एका घरावर कोसळले. विमानातील 49 आणि घरातील एक, असे 50 जण मेले. सहवैमानिक आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून निघाली होती. फेडेक्सच्या मालवाहू विमानांतून, मेम्फिसला विमान बदलून, ती सकाळी साडेसहाच्या सुमारास नेवार्कला पोहोचली. कॅप्टन फ्लोरिडाचा. पहाटे 3 वाजून 10 मिनिटांनी त्याने कंपनीच्या संगणकावर लॉग-इन केल्याची नोंद सापडली. झोप काढली ती क्रू रूममध्ये, आणि तिथे रात्री झोपायला कंपनीची मनाई होती. हजेरी दुपारी दीडची, अपघात रात्री 10 वाजून 17 मिनिटांनी. वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी वर ओढले, हे अपघाताचे कारण ठरले. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती हे ठरवता येत नाही, असे एनटीएसबी या चौकशी मंडळाचे मत पडले. अध्यक्ष डेबोरा हर्समन यांना मात्र थकवा कारणांत हवा होता. कोल्गनच्या नेवार्क बेसवरील 137 वैमानिकांपैकी 93 जण बाहेरगावचे निघाले, आणि त्यांतले 29 तर हजार मैलांपलीकडचे.

2010 च्या कायद्याने या प्रश्नाचा अभ्यास नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसकडे सोपवला. 2011 च्या अहवालाने ये-जेवर बंदी सुचवली नाही. ड्यूटी संपेपर्यंतचे जागरण सुमारे 16 तासांपलीकडे जाऊ नये आणि हजेरीआधी किमान 6 तास झोप व्हावी, असा बेत वैमानिकानेच आखावा, असा सल्ला दिला. जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या नियमांत 10 तासांची विश्रांती आणि तीत 8 तास झोपेची संधी सक्तीची झाली. उड्डाणाआधी आपण तंदुरुस्त असल्याचे वैमानिकाला लिहून द्यावे लागते. मालवाहू कंपन्या या नियमांतून वगळल्या गेल्या.

घर ते बेस हा वेळ मात्र ड्यूटीच्या हिशेबाबाहेरच राहिला. कंपनीने दुसऱ्या गावाहून विमान आणायला पाठवलेला वैमानिक प्रवासी म्हणून बसला तरी तो वेळ ड्यूटीत धरतात. अमेरिकेत त्याला ‘डेडहेड’ म्हणतात, भारतात ‘पोझिशनिंग’. त्याच्या शेजारच्या खुर्चीत तोच गणवेश घालून घरून बेसवर निघालेला वैमानिक बसला असेल, तर नियमांच्या दृष्टीने तो अजून कामावर आलेलाच नसतो. युरोपीय नियमांची मार्गदर्शिका एवढेच म्हणते की, घरापासून बेसला नेहमी 90 मिनिटांहून अधिक लागत असतील, तर जवळ तात्पुरत्या निवासाची सोय करण्याचा विचार करावा.

अमेरिकेतील अ‍ॅटलस, कलिट्टा यांसारख्या काही मालवाहू कंपन्यांनी वेगळी वाट धरली. तिथे वैमानिकाच्या घराजवळचा विमानतळ हाच त्याच्या दौऱ्याचा आरंभ मानण्याची सोय आहे. विमान जगात कुठेही उभे असो, तिथवरचे तिकीट कंपनी काढते आणि जागा पक्की असते.