मंडई परिसरातील अगंज पोलाद व सूक्ष्म कर्तक

पुण्याच्या पेठांचा आर्थिक इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा धान्य, कापड व सराफी यांवर खिळते; कारागिराच्या हत्याराकडे ती क्वचितच वळते. शुक्रवार पेठेतील मंडईची इमारत १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने उघडली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या खर्चास विरोध केला होता आणि पुढे इमारतीस नाव मिळाले ते त्यांचेच. परंतु प्रस्तुत विषय इमारतीचा नसून तिच्या भोवतालच्या धातूचा आहे. तुळशीबागेतील भांड्यांची दुकाने, रविवार पेठेतील बोहरी आळीचा हत्यारबाजार आणि कसब्यातील तांबट आळी हे तिन्ही मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

तांब्या-पितळेच्या भांड्यावर मालकाचे नाव घालावयाचे ते छिन्नी व हातोडीने, ठिपक्याला ठिपका जोडून. पितळ मऊ असल्याने चूक झाली तरी त्याच जागी पुन्हा ठोका देता येई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेसची भांडी घरोघर आली, कल्हईवाल्याची फेरी विरळ झाली, आणि नाव घालणाऱ्याच्या हाती विजेची थरथरती सुई आली. मोठ्या यंत्राने हस्तकौशल्यास हुसकले, हे आपले नेहमीचे प्रमेय येथे लागू पडत नाही, असे माझे मत आहे. हात राहिला, हत्यार बदलले. यंत्रशाळेतील फिरता बारीक कर्तक, म्हणजे एंड मिल, या कामावर का आला नाही, याचे उत्तर धातूच्या स्वभावात शोधावे लागते.

क्रुपच्या कारखान्यात १९१२ च्या सुमारास श्ट्राउस व मौरर यांनी सिद्ध केलेले क्रोमियम-निकेलयुक्त पोलाद हे आजच्या उत्तम भांड्यांचे पूर्वज होय. (शेफील्डच्या ब्रिअर्लीचे १९१३ चे पोलाद सुऱ्यांच्या पात्यांचे.) १९५० नंतर निकेलच्या टंचाईमुळे अमेरिकेत मँगॅनीजयुक्त प्रकार पुढे आले, भारतातील स्वस्त भांड्यांत त्यांचा वापर मोठा आहे. या पोलादांचे वैशिष्ट्य असे की दाबले वा घासले असता ती पृष्ठभागी कठीण होतात. शिवाय त्यांची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असल्याने उष्णता कर्तकाच्या धारेपाशीच साचते.

आता १ मि.मी. व्यासाचा, दोन दातांचा एंड मिल घ्या. कार्बाइडचा कर्तक असून त्याच्या धारेचा वेग मिनिटास ६० मीटर ठेवावयाचा, तर फेरे सुमारे १९,००० हवेत. जुन्या यंत्राचे १,५०० फेरे मिळाले तर वेग पाच मीटरही भरत नाही. प्रत्येक दाताने घ्यावयाची कात्रण मिलिमीटरच्या शतांशाहूनही पातळ. ती धारेच्या गोलाईहून पातळ झाली की दात कापत नाही, नुसता घासतो, आणि पुढच्या दातास कठीण झालेला पृष्ठभाग मिळतो. कॉलेटमध्ये कर्तक ०.०२ मि.मी.ने जरी डगमगत फिरला, तरी एकच दात सारे काम करतो आणि मोडतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम कॉलेट पुसतो, डायल लावून डगमग मोजतो व कर्तक शक्य तितका आखूड धरतो. बाहेर आलेली लांबी निम्मी केली की वाकणे आठपटीने घटते. तो तेल सोडतो, कात्रण हवेने उडवितो, आणि मुख्य म्हणजे फिरता कर्तक धातूवर थांबू देत नाही. १९२७ मध्ये लाइपझिग येथे क्रुपने विडिया कार्बाइड मांडले, त्यापूर्वी हाय-स्पीड पोलादावरच भिस्त होती. तेव्हा वेग याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच ठेवावा लागे.

साचे व लहान सुटे भाग करणाऱ्या यंत्रशाळेत हा खटाटोप परवडतो. पातळ पत्र्याच्या वाटीस तो झेपत नाही. वाटी घट्ट धरता येत नाही, पत्रा थरथरतो आणि कर्तक मोडतो. सुई मात्र कापतच नाही. ५० आवर्तनांच्या विजेवर ती सेकंदास साधारण १०० ठोके देते, प्रत्येक ठोका नव्या जागी पडतो, आणि कठीण झालेल्या खळग्यावर पुन्हा येण्याचे तिला कारण उरत नाही. छिन्नीचा ठिपका आणि सुईचा ठिपका यांचे नाते म्हणून एंड मिलपेक्षा जवळचे आहे. अलीकडे लेसरनेही नावे उमटतात. तेथे तर धातूस हत्याराचा स्पर्शही होत नाही.