पहिल्या पेंढीचे ऋण : हंगाम-सणाची ख्रिस्ती मुळे आणि मराठी मुलूख

प्रस्तावना

नवे पीक हाती आले की त्याचा पहिला वाटा देवतेस अर्पण करावा आणि मगच ते सेवन करावे, ही कृषिसंस्कृतीतील अत्यंत जुनी प्रथा होय. कोकणात नवान्न पौर्णिमेच्या सुमारास दारावर बांधले जाणारे भाताच्या लोंब्यांचे 'नवे' ही तिचीच खूण आहे. अशा प्रथेला एखादे राष्ट्र जेव्हा अधिकृत सुट्टीचे रूप देते, तेव्हा तिच्यामागील धर्मभावनेचे काय होते, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेतील 'थँक्सगिव्हिंग' हे याचे सर्वपरिचित उदाहरण. या सणाची ख्रिस्ती मुळे कोणती, आणि ख्रिस्ती परंपरा मराठी मुलखात व गोमंतकात रुजली तेव्हा हंगाम-सणाने येथे कोणते रूप धारण केले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. धर्मग्रंथातील आधार

ख्रिस्ती हंगाम-सणाचा आधार बायबलच्या जुन्या करारात सापडतो. लेवीय या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणण्याचा विधी सांगितला आहे. त्याच अध्यायात शेताच्या कडेकोपऱ्याचे पीक कापू नये आणि सरवा वेचू नये, तो गरीब व परदेशीय यांच्यासाठी ठेवावा, अशी आज्ञा आहे. अनुवाद या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळ अर्पण करणाऱ्याने आपल्या पूर्वजांच्या मिसर देशातील दास्याचे स्मरण करावे, आणि त्या आनंदात भूमी नसलेला लेवी व परदेशीय यांनाही सहभागी करून घ्यावे, असे म्हटले आहे.

म्हणजेच या विधीची अंगे तीन आहेत : अर्पण, संकटाचे स्मरण आणि भूमिहीनाचा वाटा. पुढील विवेचनात हीच तीन अंगे कसोटी म्हणून वापरली आहेत.

२. प्युरिटन उपकारस्तुती ते राष्ट्रीय सुट्टी

न्यू इंग्लंडमध्ये वसाहत करणाऱ्या प्युरिटन पंथीयांना चर्चच्या पंचांगातील ठराविक सण मान्य नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करण्यास कायद्याने बंदी होती. त्यांच्या मते ईश्वर प्रत्यक्ष घटनांतून बोलतो. म्हणून अवर्षण, रोगराई वा युद्ध आले की उपवासाचा दिवस जाहीर करावा आणि संकट टळले की उपकारस्तुतीचा, अशी त्यांची रीत होती.

प्लिमथ येथील १६२१ चा प्रसिद्ध मेळावा या अर्थाने उपकारस्तुतीचा दिवस नव्हताच. आदल्या हिवाळ्यात निम्मे सहप्रवासी गमावलेल्या सुमारे पन्नास वसाहतकारांनी आणि वाम्पानोआग जमातीच्या सुमारे नव्वद पुरुषांनी तीन दिवस केलेले ते हंगामाचे भोजन होते. धार्मिक अर्थाची उपकारस्तुती प्लिमथ येथे १६२३ मध्ये, अवर्षणानंतर पाऊस पडला तेव्हा झाली. १६२१ च्या मेळाव्यास 'पहिले थँक्सगिव्हिंग' हे बिरुद मिळाले ते १८४१ मध्ये, अलेक्झांडर यंग यांच्या ग्रंथातील एका टीपेमुळे.

पुढे १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी राष्ट्रीय उपकारस्तुतीचा दिवस घोषित केला. सारा जोसेफा हेल या संपादिकेच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, यादवी युद्ध सुरू असताना, अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये नोव्हेंबरचा अखेरचा गुरुवार त्यासाठी नेमला. १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार निश्चित झाला. संकटानुसार ठरणारा दिवस अशा रीतीने पंचांगात स्थिर झाला, म्हणजे प्युरिटनांना जे नको होते तेच घडले. अर्पणाची जागा कुटुंबाच्या भोजनाने घेतली. स्मरण उरले, पण ते वसाहतकारांच्या संकटाचे. ज्यांची भूमी गेली त्या मूलनिवासींनी १९७० पासून हाच दिवस प्लिमथ येथे राष्ट्रीय दुखवट्याचा दिवस म्हणून पाळण्यास आरंभ केला, यातील विसंगती दृष्टीआड करता येत नाही.

३. गोवा आणि वसई : प्रथमफळाची कॅथलिक परंपरा

पश्चिम किनाऱ्यावर कॅथलिक परंपरा पोर्तुगीजांबरोबर आली. गोवा १५१० मध्ये, तर वसई १५३४ मध्ये त्यांच्या ताब्यात गेली. गोव्यातील 'कणसांचे फेस्त' हा सण ऑगस्टपासून गावोगावी साजरा होतो. सासष्टीतील राय येथे तो ५ ऑगस्ट रोजी होतो. पाद्री मिरवणुकीने शेतात जातो, उभ्या पिकास आशीर्वाद देतो, पहिली कणसे कापली जातात, आणि ती चर्चमध्ये अर्पण होऊन घरोघरी पोहोचतात. याच प्रदेशातील हिंदू कुटुंबे गणेशचतुर्थीच्या सुमारास 'नवे' करतात. दोन्ही विधी एकाच भातशेतीच्या वेळापत्रकावर उभे आहेत.

इन्क्विझिशनच्या १७३६ च्या आज्ञापत्राने धर्मांतरितांच्या अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली. ज्या सत्तेने विवाहातील व भोजनातील बारीकसारीक रीतीही निषिद्ध ठरवल्या, तिच्याच छायेत पहिल्या कणसाचा मान टिकून राहिला. पहिल्या पेंढीला धर्मग्रंथाचा आधार होता, हे याचे एक कारण संभवते. गावाची शेती सामूहिक गावकरी व्यवस्थेवर चालत असल्याने हा मान गावाचा होता, हे दुसरे.

वसई व मुंबईच्या परिसरातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा करतो. शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले, असे सांगितले जाते. या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ मध्ये स्वीकारले, परंतु त्याची बोली मराठीच्या कुळातील आणि मूळ व्यवसाय प्रामुख्याने शेती व मासेमारीचे. आज मुंबईतील बहुतेक गावठाणांभोवती शेत उरलेले नाही. कणसे बाहेरून आणून विधी पार पडतो. सण टिकला आहे, त्याच्या पायाखालची भूमी गेली आहे.

४. दख्खन : दुष्काळ आणि उपकारस्तुती

प्रॉटेस्टंट परंपरा दख्खनमध्ये आली ती थेट न्यू इंग्लंडमधून. प्युरिटनांचे वारसदार असलेल्या काँग्रिगेशनल मंडळींचा ज्यात मोठा वाटा होता, त्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. १८३१ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे सुरू झाले आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघू लागले. मराठी मंडळ्यांत आज 'हंगामाचा सण' किंवा 'उपकारस्तुती' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या उपासनेत धान्य, भाजी, फळे, कोंबडी, अंडी वेदीपुढे आणली जातात. पुष्कळ ठिकाणी त्यांचा लिलाव होऊन रक्कम मंडळीच्या कार्यास दिली जाते.

या साध्या विधीचा सामाजिक अर्थ मोठा आहे. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या लक्षणीय होती. गावगाड्यात त्यांचे स्थान खळ्यावर बलुत्यासाठी उभे राहणाऱ्याचे होते. सुगीत ते घेणारे होते, देणारे नव्हते. वेदीपुढे ओंजळभर ज्वारी ठेवताना तोच मनुष्य दाता होतो. बायबलमधील लेवी व परदेशीय, म्हणजे भूमिहीन, येथे सणाच्या केंद्रस्थानी आला, असे म्हणता येईल. दक्षिणेतील १८७६-७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरीचे दोन दुष्काळ यांची आठवण असलेल्या पिढीला 'उपकार' हा शब्द औपचारिक वाटणे शक्य नव्हते.

पुणे-दौंड लोहमार्गावर लोणी स्थानकापुढे काही स्थानके ओलांडली की केडगाव लागते. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत वास्तव्य केलेल्या पंडिता रमाबाईंनी येथे जमीन घेतली आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना आश्रय दिला. या मुक्तिसदनाच्या निर्वाहात शेतीचाही वाटा होता. भुकेतून वाचलेल्यांनी स्वतः पिकवलेले धान्य खावे, हा प्रथमफळाच्या विधीचा कदाचित सर्वांत शब्दशः अर्थ होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, अर्पण, स्मरण व वाटा या तीन अंगांपैकी राष्ट्रीय सुट्टीने स्मरण जपले, पण ते एकांगी केले. किनाऱ्यावरील कॅथलिक परंपरेने अर्पण जपले. दख्खनच्या मंडळ्यांत वाट्याचा अर्थ नव्याने उजळला. या सणांना केवळ 'परकीय' वा केवळ 'देशी' ठरवणारे दोन्ही पक्ष म्हणूनच अपुरे पडतात. त्यांचा विधी ग्रंथातून आला, पण वेळ आणि वस्तू येथील मातीने ठरवल्या.

मुंबईच्या गावठाणांत जे घडून गेले, ते पुण्याच्या पूर्वेकडील गावांत आज घडत आहे. कालव्याच्या पाण्यावर पिकलेली शिवारे झपाट्याने बिगरशेती होत आहेत. हंगामाच्या सणांच्या आठवणी सांगू शकणारी पिढी आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांतच आहे. मंडळ्यांची दप्तरे, 'ज्ञानोदय'चे जुने अंक आणि या मौखिक आठवणी एकत्र ठेवून अभ्यास करण्याचे काम महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी हाती घ्यावयास हवे. शिवार नाहीसे झाल्यावर त्यातील पहिल्या पेंढीचा अर्थ केवळ ग्रंथांतून उलगडणे कठीण होईल.